एका बाहीची मखमल

लग्नघरात बाईमाणसानं चिडायचं नसतं. रडलेलं चालतं, रुसलेलं चालतं, पाय दुखतात म्हणून पंख्याखालची खुर्ची अडवून बसलेलंही चालतं. चिडायचं मात्र नाही, कारण शुभकार्य आहे. हा नियम कोणी केला देव जाणे. ज्यानं केला, त्याच्या कपाटातून कधी कोणी न विचारता काही उचलून नेलं नसणार, एवढं नक्की.

ललिता रिसबूड त्या दिवशी सकाळपासून चांगली खुशीत होती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण नंतर नातेवाइकांत जे पसरलं ते असं, की मामी म्हणे आल्यापासूनच तोंड पाडून होती. साफ खोटं! तिच्या नणंदेच्या, सुहासिनीताईंच्या, मुलीचं लग्न होतं. स्पृहा नाव तिचं. ललिता पहाटेच स्वारगेटजवळच्या कार्यालयात जाऊन बसली होती. नवरीला नऊवारी तिनं नेसवली, नथ तिनं अडकवली, मुंडावळ्या टोचतात म्हणून रडकुंडीला आलेल्या पोरीच्या कपाळाला कापसाची घडी तिनं लावली. तिला स्वतःला मूल नव्हतं, आणि स्पृहावर तिचा जीव होता. तेव्हा तोंड पाडायचं कारणच काय?

मुहूर्ताची वेळ झाली. श्यामराव, म्हणजे ललिताचे यजमान आणि नवरीचे मामा, फेटा सावरत स्पृहाला हाताला धरून घेऊन आले. पलीकडे वरद, नवरा मुलगा, पाटावर उभा होताच. गुरुजींनी माइकमधून "अंतरपाट धरा, अंतरपाट!" असा आवाज दिला. नवरीचे दोन चुलतभाऊ पुढे झाले आणि त्यांनी दोघांच्या मधे कापड धरलं.

"जरा वर घ्या. आखूड आहे हो हा," गुरुजी कुरकुरले. "तोंडं तरी झाकली पाहिजेत."

ललिता हातात अक्षता घेऊन पुढच्याच रांगेत उभी होती. आधी तिला नुसता रंग दिसला. गर्द लाल, पिकल्या जांभळाकडे झुकणारा. तिच्या मनात आलं, अरे वा, माझ्या कापडासारखाच रंग आणलाय की यांनी. मग पंख्याच्या वाऱ्यानं कापड हललं, आणि त्यावरची सोन्याची डाळिंबं दिसली. ते तिच्या कापडासारखं नव्हतं. ते तिचंच होतं.

आता ते काय होतं हे सांगायला हवं, नाहीतर कापडासाठी एवढं काय, असं तुम्हीही म्हणाल. त्या दिवशी झाडून सगळे तेच म्हणाले.

जुन्या काळी, आपल्याकडे बहमनी सुलतान राज्य करत होते तेव्हा, तिकडे इटलीत राजेरजवाडे आणि त्यांच्या बायका एक मखमल अंगावर घालत. रेशमाची मखमल, आणि तिच्यातून विणलेली खऱ्या सोन्याची जर. ती कोणी घालायची आणि कोणी नाही, यावर कायदे असत. सावकाराच्या बायकोनं हौस म्हणून घातली तर दंड. तिथल्या एका संग्रहालयाकडे अशाच एका राजघराण्यातल्या बाईच्या झग्याची एक बाही उरली होती. झगा गेला, बाई गेली, एक बाही राहिली. त्या काळी बाह्या वेगळ्या शिवत आणि नाडीनं खांद्याला बांधत, म्हणून ती वाचली. संग्रहालयाला तो सगळा झगा पुन्हा उभा करायचा होता, आणि दुसरी बाही अगदी तशीच, त्याच पद्धतीनं, हातानं विणून हवी होती. ती विणायचं काम त्यांनी कर्वेनगरच्या एका सोसायटीत राहणाऱ्या, कॉलेजात विणकाम शिकवून निवृत्त झालेल्या ललिता रिसबूडला दिलं होतं. उगीच नाही दिलं. तिचे नमुने मागवले, परत पाठवले, पुन्हा मागवले, आणि मग दिलं.

घरात ही बातमी सांगितली तेव्हा श्यामराव म्हणाले होते, "म्हणजे अख्खा झगा पण नाही? नुसती बाही?" आणि सुहासिनीताई म्हणाल्या होत्या, "एका बाहीला कापड लागून लागून किती लागतंय? माझ्या ब्लाउजपीसमधून निघेल." सगळे हसले होते. ललितापण हसली होती. तेव्हाच हसायला नको होतं.

दोन वर्षं ती मागावर बसली. घरातली दुसरी खोली मागानं भरलेली. त्यावर दोन ताणे, म्हणजे उभ्या धाग्यांचे दोन थर, एक खालच्या कापडाचा आणि एक मखमलीचा. मधूनमधून पितळेची बारीक सळई आत सरकवायची, मखमलीचं रेशीम तिच्यावरून घ्यायचं, आणि मग सळईच्या खाचेतून पातं फिरवून ते कापायचं, म्हणजे तंतू उभे राहतात. पातं जरा घसरलं की खालचा ताणा तुटलाच. दिवस चांगला गेला तर बोटभर कापड व्हायचं. दिवस वाईट गेला तर कालचं उसवावं लागायचं. मान धरायची, डोळ्यांतून पाणी यायचं, श्यामराव दारातून डोकावून विचारायचे, "चहा टाकतेस का?"

आणि झालं होतं ते कापड! आठवड्यापूर्वी तिनं ते मागावरून उतरवलं होतं. मखमलीची घडी घालायची नसते, म्हणून पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळून, जुन्या मऊ धोतराच्या तुकड्यात लपेटून कपाटात ठेवलं होतं. त्या दिवशी दुपारी संग्रहालयातली बेनेदेत्ता नावाची बाई फोनवरून ते बघणार होती, आणि मग ते विमानानं जाणार होतं. प्रदर्शनाचं उद्घाटन तोंडावर आलं होतं. ललितानं लग्नाच्या धावपळीतही दुपारच्या त्या फोनसाठी घरी जाऊन यायचं ठरवून ठेवलं होतं.

आणि ते कापड इथं, कार्यालयात, दोन पोरांच्या मुठींत लोंबत होतं.

ती एक पाऊल पुढे सरकली. मग तिला बाकीचं दिसलं. मधोमध ओल्या कुंकवानं काढलेलं ठसठशीत स्वस्तिक. चारी कोपऱ्यांना हळदीची बोटं. आणि मखमल अशी चापून बसलेली, की तिच्यावर इस्त्रीचं टोक कुठून कुठे फिरलं ते दिसत होतं. कोणीतरी तिला इस्त्री केली होती. मखमलीला! उभे तंतू गरम लोखंडाखाली एकदा झोपले की झोपले. जरीची वेटोळी चपटी झाली होती. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ती कशी जाते ते ललिताला त्या क्षणी कळलं.

एका हिसक्यात ओढून घेता आलं असतं. हात पुढे झालाही होता. पण पलीकडे स्पृहा हार सावरत खाली मान घालून उभी होती, आणि अंतरपाट वेळेआधी खाली आला तर लोक जन्मभर त्या पोरीला बोल लावतील, हे ललिताला ठाऊक होतं. नवऱ्याला साधी सर्दी झाली तरी म्हणतील, त्या दिवशी मामीनं ओढला ना! ललितानं हात मागे घेतला. आपण हात मागे घेतला याचाही तिला संताप आला. गुरुजींनी पहिलं "सावधान" म्हटलं, सगळ्यांनी अक्षता टाकल्या, आणि ओल्या कुंकवात माखलेले ते तांदूळ मखमलीवर पडून तिथंच चिकटले.

ललिता वळली आणि गर्दीतून सरळ बाहेर पडली.

सुहासिनीताई कुठे असणार हे तिला माहीत होतं. ताईंच्या माहेरी, रिसबुडांकडे, मुलीच्या आईनं मंगलाष्टकं ऐकायची नाहीत असा रिवाज. ती तेवढा वेळ तुळशीपाशी बसते आणि तुळशीला पाणी घालत राहते. मुलगी परकी होताना आईच्या कानावर पडू नये म्हणून. आता कर्ण्यातून आवाज पार रस्त्यापर्यंत जातो, तर तुळशीपाशी काय ऐकू येणार नाही? पण रिवाज तो रिवाज. कार्यालयाच्या मागच्या अंगणात, आचाऱ्यांच्या पातेल्यांशेजारी, सुहासिनीताई भरजरी शालू नेसून प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसल्या होत्या आणि तांब्यातून तुळशीवर पाणी ओतत होत्या. डोळे वाहत होते.

"ललिता? तू काय करतेस इथं? जा, आत जा. अक्षता टाक माझ्या वाटच्या."

"ताई, अंतरपाट कुठून आणलात?"

"अगं, काय सांगू तुला!" सुहासिनीताईंनी पदरानं नाक पुसलं. "तो ठरवलेला होता ना, दोघांची नावं रंगवलेला, तो आलाच नाही. आज सकाळी फोन केला तर म्हणतो, उद्या देतो. उद्या काय करू त्याचं, गळ्यात घालू? माझ्या तर तोंडचं पाणीच पळालं. श्याम म्हणाला, थांब, आमच्याकडे आहे एक भारी कापड, आत्ता आणतो. गेला स्कूटर घेऊन. देवासारखा धावून आला बघ."

"ते माझं इटलीचं कापड आहे, ताई."

"हो, सांगितलं त्यानं. काय देखणं दिसतं गं! सगळे विचारत होते कुठून घेतलं."

"त्याला इस्त्री कोणी केली?"

"त्यानंच करून आणली की कोपऱ्यावरून. फुगीर फुगीर लागत होतं म्हणाला, नीट कडक करून आणलं."

ललितानं डोळे मिटले. आत स्पृहाच्या आत्या माइकवर आल्या होत्या. त्यांनी स्वतः रचलेलं मंगलाष्टक सुरू झालं, दोन्ही घरच्या समस्त मंडळींची नावं वृत्तात कोंबलेलं. काका कर्तबगार झाले, आजोबा ऋषितुल्य झाले, आणि मग कर्ण्यातून सगळ्या परिसराला ऐकू गेलं, "मामा श्याम उदार हा, ललिता मामी असे हौशी ती..."

"हौशी!" ललिता मोठ्यानं म्हणाली. पातेलं घासणारी बाई दचकून बघायला लागली. "ऐकलंत ना ताई? तुमचा भाऊ उदार, आणि मी हौशी. माझं कापड वाटून तो उदार!"

"हळू बोल गं, लग्न लागतंय."

"मला विचारलं का कोणी? मी इथंच होते ना! तुमच्या लेकीला साडी नेसवत होते, भिंतीपलीकडे. हाक मारली असती तर ऐकू आली असती."

सुहासिनीताईंनी पाणी घालायचं थांबवलं. त्या काही वाईट बाई नव्हत्या. अडचणीत सापडलेल्या माणसाला जे पुढे येतं ते घेतलं जातं, तेवढंच त्यांनी केलं होतं. "मी म्हटलं होतं गं त्याला," त्या ओशाळून म्हणाल्या. "म्हटलं, ललिताला विचारलंस का? तर म्हणाला, तिला काय विचारायचंय, तिचा टाइमपास आहे तो. उलट खूश होईल, कापड कामी आलं म्हणून."

आतापर्यंत ललिताचा राग ताईंवर होता, त्या पोरांवर होता, त्यावर कुंकू काढणाऱ्या, कोण होती कोण जाणे, त्या बाईवर होता. तो सगळा एका जागी येऊन बसला. त्या जागेचं नाव श्याम.

"आणि खरं सांगू?" ताईंना वाटलं, ही शांत झाली. "कपाटात पडून होतं त्यापेक्षा चार माणसांनी पाहिलं तरी. त्या लोकांना दुसरं पाठव ना तू."

"दुसरं कुठून आणू? लक्ष्मी रोडला मिळतं का?" ललिता म्हणाली. "तुम्ही पाणी घाला ताई. तुमचं काम सोडू नका. इथं प्रत्येकाचं काम फार महत्त्वाचं आहे, माझं सोडून."

आत वाजंत्री कडाडली. अंतरपाट खाली आला होता.

ती आत पोचली तेव्हा हार घालून झाले होते आणि जो तो फोटोत घुसत होता. अंतरपाट कुठे गेला ते तिला शोधावं लागलं नाही. तो गुरुजींकडे जातो हाही रिवाजच. गुरुजींनी त्याची चौघडी घालून ती पिशवीत, नारळांच्या खाली दाबली होती.

"गुरुजी, ते कापड मला द्या."

"अहो घ्या की," गुरुजी पिशवी उपसत म्हणाले. "मला काय करायचंय? घरी ढीग पडलाय अंतरपाटांचा. आमची ही उशांचे अभ्रे शिवते. पण आखूड आणू नका हो पुढच्या वेळी."

तेवढ्यात वरदच्या आई, सुशीलाबाई, आल्याच. लोणी काळभोरकडची मंडळी ती, बोलायला मोकळी आणि घशानं खणखणीत. "काय वो मामी? अंतरपाट माघारी घेताय व्हय? गुरुजीला दिलेलं माघारी घेत्यात कुठं? आमच्या पोराचं लगीन लागलंय त्याच्याआडून. असं करू नका, बरं नाय दिसत."

"बरं दिसायचं होतं ते दिसून झालं," ललिता म्हणाली. "आता माझं मला नेऊ द्या."

श्यामराव लगबगीनं मधे पडले. फेटा तिरका झाला होता, चेहऱ्यावर यजमानाचं हसू. "ललिता, काय चाललंय? हस जरा, व्हिडिओ सुरू आहे," ते दातांतून म्हणाले. "घरी गेल्यावर बोलू ना."

"घरीच चाललेय मी. तुम्ही जेवूनच या. मामांचं पान मानाचं असतं."

तिनं ती घडी उलगडली, कापड दोन्ही हातांवर आडवं घेतलं, आणि तशीच नऊवारीत, नाकात नथ, बाहेर येऊन रिक्षात बसली. "कर्वेनगर" म्हटल्यावर रिक्षावाल्यानं आरशातून एकदा तिच्याकडे पाहिलं आणि तो मुकाट्यानं निघाला. सारसबागेपाशी सिग्नलला थांबल्यावर तिला रडू फुटेल असं वाटलं होतं, पण फुटलं नाही. रडून मोकळं व्हायचं तिच्या मनातच नव्हतं.

घरी आल्यावर तिनं नथ काढून फेकली, टेबलावर चादर अंथरली, कापड त्यावर पसरलं. एकेक अक्षत चिमट्यानं उचलली. किटलीची वाफ दिली, मऊ ब्रशनं तंतू उठवायला घेतले. कडेचे थोडे उठले. मधले उठेनात. इस्त्रीवाल्यानं मन लावून काम केलं होतं, तक्रारीला जागा नव्हती. कुंकू रेशमात मुळापर्यंत उतरलं होतं. सबंध कापडात बाहीला पुरेल असा एक तुकडा शाबूत नव्हता. तिनं कागदाचा बेतलेला नमुना सगळीकडे फिरवून फिरवून ठेवून पाहिला. आडवा, उभा, तिरका. कुठेच बसेना. मग तो नमुना तिनं चुरगाळला आणि परत सरळ केला, कारण तोही तिनंच काढला होता.

श्यामराव आले ते हातात डबा घेऊन. जिलबी, मठ्ठा, मसालेभात. "न जेवता आलीस म्हणून बांधून आणलं," ते म्हणाले आणि डबा टेबलावर, कापडाच्या अगदी कडेला ठेवायला गेले.

"तो डबा खाली ठेवा."

त्यांनी ठेवला. फेटा काढून डोकं खाजवलं. "हे बघ, झालं ते झालं. मी ड्रायक्लीनिंगला देतो, माझ्या ओळखीचा माणूस आहे. आणि वेळच तशी आली होती गं, ताई रडायला लागली होती. माझ्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस?"

"विचारलं असतं."

मग ते म्हणाले, "त्या बाईंना काहीतरी सांग. कस्टममध्ये अडकलं म्हण."

तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर बेनेदेत्ताचं नाव. ललितानं फोन उचलून नवऱ्याच्या हातात दिला.

"मी काय बोलू?"

"काय केलंत ते सांगा. कापड तुम्ही दिलंत, इस्त्री तुम्ही केलीत, मी हौशी बाई मधे कशाला?"

विम्याच्या कचेरीत श्यामरावांचा जन्म गेला होता. नुकसान झालेल्या लोकांशी इंग्रजीत बोलायची त्यांना सवय होती. त्यांनी घसा साफ केला, हसरा चेहरा केला. पडद्यावर पिकल्या केसांची, बारीक चणीची एक बाई होती. तिच्या मागे मान नसलेला लाकडी पुतळा, त्यावर शिवत आणलेला झगा, आणि एका खांद्याला बांधलेली जुनी विटकी बाही. दुसरा खांदा उघडा.

"मॅडम, देअर इज वन स्मॉल प्रॉब्लेम," श्यामराव म्हणाले. मग त्यांनी लग्न सांगितलं, पवित्र पडदा सांगितला, शुभ खूण सांगितली. इस्त्रीचं सांगणं जरा घाईत उरकलं. त्या बाईला काही कळलं नसावं. तिनं हातानं खूण केली, दाखवा. श्यामरावांनी फोन टेबलाला टेकवून उभा केला आणि कापड दोन्ही हातांनी तिच्यासमोर धरलं. सकाळी त्या पोरांनी धरलं होतं तसंच.

तिनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. जवळ, अजून जवळ, अशी खूण केली. श्यामराव कापड पुढे पुढे नेत राहिले. मग तिनं तोंडावर हात ठेवला, आणि तिच्या गालांवरून पाणी ओघळायला लागलं. पुसायचंही भान तिला राहिलं नाही. श्यामरावांचे हात हळूहळू खाली आले.

मग ती बोलली. कापडाबद्दल एक शब्द नाही. तिनं विचारलं, ललिता कुठे आहे? ती बरी आहे ना? तिच्याजवळ कोणी आहे का?

ललिता पुढे आली. मग बेनेदेत्तानं सांगितलं, उद्घाटनाला ती एकाच बाहीचा झगा उभा करील. दुसरा खांदा मोकळा ठेवील. लगेच होण्यातलं काम नाही हे तिला माहीत आहे. घाई करून दुसऱ्या कोणाकडून ती ते विणून घेणार नाही. जेव्हा होईल तेव्हा. आणि झालंच नाही, ललिताची पुन्हा बसायची ताकद नसली, तरी ती समजून घेईल. फोन बंद झाला.

श्यामराव खुर्चीत बसले. कापड अजून त्यांच्या मांडीवर होतं, आणि ते त्याच्याकडे पहिल्यांदाच पाहिल्यासारखे पाहत होते. बोट लावायला गेले आणि थांबले.

"सॉरी गं," ते म्हणाले. अगदी मनापासून म्हणाले. "मला खरंच कल्पना नव्हती. एवढं मोठं असेल असं वाटलं नव्हतं."

"आता वाटलं?"

"हो."

"कशावरून?"

"त्या बाई... त्या रडल्या गं ललिता. एवढ्या लांब बसलेल्या, आपल्या ना ओळखीच्या ना पाळखीच्या..."

झालं! इथंच ललिताचं डोकं सणकलं. दिवसभर जेवढं सणकलं नव्हतं तेवढं.

"ती रडली म्हणून तुला कळलं?" ती म्हणाली. लग्नापासून पहिल्यांदाच तिनं नवऱ्याला अरे-तुरे केलं, आणि तिला त्याचं काही वाटलं नाही. "गोऱ्या बाईच्या डोळ्यांत पाणी आलं की ते मोठं, होय रे? दोन वर्षं तू त्या दारातून डोकावलास. माझी मान आखडली तेव्हा मलम तूच आणून दिलंस. पातं लागून बोट फाटलं तेव्हा टाके घालायला तूच नेलंस, आणि डॉक्टरांना काय सांगितलंस, आठवतंय? भाजी चिरताना लागलं! मी शेजारी बसले होते रे! तेव्हा मी गप्प बसले. आज सकाळी तुझ्या बहिणीला रडू आलं, तर तू स्कूटर काढून धावलास. आत्ता ती बाई रडली, तर तुझे हात खाली आले. आणि मी? मी रडत नाही म्हणून माझं काही जात नाही, असं वाटतं तुला?"

श्यामरावांचा चेहरा उतरला होता, डोळे भरले होते. एरवी ललिता विरघळली असती. पाणी आणून दिलं असतं, जाऊ दे म्हटलं असतं. त्या दिवशी तिनं त्यांच्या मांडीवरचं कापड तेवढं उचललं आणि नळीवर गुंडाळून ठेवलं.

मग ती माग असलेल्या खोलीत गेली. कापड कापून घेतल्यावर मागावर ताण्याची टोकं राहतात, ती तशीच लोंबत होती. नवा ताणा घालायचा म्हणजे नवं प्रत्येक टोक जुन्या टोकाला गाठ मारून जोडायचं, एकामागून एक, हजारो. तिनं नऊवारीचा पदर कमरेला खोचला, रेशमाची लड काढली, खिडकीचा पडदा सारून उजेड केला आणि स्टूल ओढून बसली. पहिली गाठ सुटली. रागात फार जोरात ओढली होती. तिनं ती पुन्हा मारली.

बाहेर श्यामरावांचा फोन वाजत होता. सुहासिनीताईंचा. संध्याकाळी रिसेप्शन, मामा-मामींना स्टेजवर बोलवायचं आहे, कुठे आहात? श्यामराव "हो हो, येतो" म्हणत होते. मग ते खोलीच्या दाराशी आले. या वेळी ते आत डोकावले नाहीत, उंबऱ्याबाहेरच थांबले.

"मला जावं लागेल," ते म्हणाले. "तू येतेस?"

"नाही."

"सगळे विचारतील गं. मामी कुठे म्हणून. काय सांगू? बरं नाही म्हणून सांगू?"

ललितानं मान वर केली नाही. बोटांतली गाठ ओढून घट्ट केली, पुढचं टोक उचललं.

"मला चांगलं बरं आहे," ती म्हणाली. "सांग, बायको कामावर आहे."